एक ओळ खाली सरकलेलं पान

मित्रांनो, मी पान आहे, पण मला झाड नाही आणि वहीसुद्धा नाही. मी इंटरनेटवरचं एक जुनं पान. वय विचाराल तर फक्त आठ वर्षं. तुम्ही आठ वर्षांचे असता तेव्हा तिसरीत असता आणि दात पडत असतात. आमच्यात आठ वर्षांचा म्हणजे खापरपणजोबा! माझ्याबरोबर जन्मलेली कितीतरी पानं कधीच पुसली गेली. मी उरलो आहे, आणि खरं सांगू का, फार दमलो आहे.

काम करून माणूस दमतो ते झोपलं की जातं. माझं दमणं वेगळं आहे. मला प्रत्येक घरी वेगळंच दिसावं लागलं, त्याचं ते दमणं आहे.

मी मुळात चित्र नाही. मी म्हणजे सूचनांची एक लांबलचक चिठ्ठी. इथं अक्षर मोठं काढा, इथं रेघ मारा, इथं ओळ संपली. ही चिठ्ठी वाचून जो मला तुमच्या पडद्यावर उभा करतो त्याला ब्राउझर म्हणतात. आता गंमत बघा. चिठ्ठी एकच, पण वाचणारे अनेक, आणि जो तो आपापल्या मनानं वाचणार! एक म्हणणार रेघ जाड, दुसरा म्हणणार बारीक. तिसऱ्याला ती रेघ दिसतच नाही. असं होऊ नये म्हणून जाणत्या लोकांनी एकत्र बसून नियम लिहून ठेवले आहेत. पण चिठ्ठी लिहिणारे ते पाळत नाहीत, आणि वाचणाऱ्यांतही काही जण पाळत नाहीत.

वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या पुलगावच्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. मुंबई-नागपूरची मोठी लाईन आणि आर्वीला जाणारी छोटी लाईन, दोन्ही पुलगावलाच भेटायच्या. पण रुळांची रुंदी वेगळी. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर चालायचा नाही. मग बायामाणसं, पोरं, पेट्या, बोचकी, सगळं उतरवा आणि दुसऱ्या गाडीत चढवा. माझं सगळं आयुष्य त्या उतरण्या-चढण्यातच गेलं.

माझा जन्म पुलगावचाच. सन दोन हजार एक, तान्ह्या पोळ्याचा दिवस. लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून मैदानात घेऊन आली होती. कोणाच्या बैलाला घुंगरं, कोणाच्या बैलाला चक्क गॉगल! पोरांचे बैल बघून होईपर्यंत आईबाप नुसतेच उभे राहणार, म्हणून मंडळाच्या अण्णाजींनी बाजूलाच रक्तगट तपासणी ठेवली. अण्णाजी कापडगिरणीतले निवृत्त कारकून. त्यांनी तीन टेबलं मांडली. पहिल्या टेबलावर नावं, दुसऱ्यावर रक्तगट, तिसऱ्यावर फोन नंबर. तीन टेबलं, तीन कागद, तिन्हींवर एक ते एकशे बारा आकडे.

रक्त देणाऱ्यांची यादी इंटरनेटवर टाकावी म्हणून ते कागद घेऊन अण्णाजी रीता मॅडमकडे आले. रीता मॅडम गावात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायच्या. पुस्तक वाचून वाचून त्या वेबपान बनवायला शिकल्या होत्या, आणि मी त्यांचं पहिलंच पान होतो.

"तिन्ही कागद जसेच्या तसे टाकजो, बाई," अण्णाजी म्हणाले.

"अण्णाजी, एका माणसाची एक ओळ करते ना. नाव, रक्त, फोन, सगळं एकाच ओळीत."

"नाई नाई. एकत्र उतरवशीन तं इकडचं तिकडं होईन. रक्ताचं काम हाये. कागदाले कागद लागला पायजे. मी तीस वर्षं मिलमध्ये हेच केलं."

बघा, चूक होऊ नये म्हणून केवढी काळजी! आणि त्या काळजीतूनच माझी चूक जन्माला आली. रीता मॅडमनी तीन कागदांच्या तीन उभ्या पट्ट्या केल्या आणि शेजारी शेजारी चिकटवल्या. आकडे फक्त नावांच्या पट्टीत टाकले, कारण तिन्हीकडे टाकले तर पान गिचमिड दिसत होतं. नावांची मराठी अक्षरं उंच, रक्तगटांची इंग्रजी अक्षरं बुटकी. त्यामुळे पट्ट्या जुळेनात. मग त्यांनी डोळ्यांनी बघून जुळवलं. इथं एक रिकामी ओळ, तिथं अर्धी रिकामी ओळ. दोन दिवस त्या हेच करत होत्या. शेवटी त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं समोरासमोर आलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मीही मनातल्या मनात वाजवली.

रीता मॅडमचा ब्राउझर मोठा प्रेमळ होता. मी एखादी खूण उघडून बंद करायला विसरलो, म्हणजे सूचना कुठं संपली ते सांगितलं नाही, तरी तो म्हणायचा, असू दे, मी समजून घेतो. माझे फार लाड केले त्यानं. लाडानं पोर बिघडतं म्हणतात, ते पानांनाही लागू आहे.

सुरुवातीला माझं काय कौतुक! एका पेपरात चार ओळी छापून आल्या. अण्णाजी येईल त्या पाहुण्याला क्लासमध्ये आणून मला दाखवायचे. माझ्या खाली अभिप्रायाची वही होती, तिच्यात लोक लिहायचे, "खूप छान उपक्रम." मग हळूहळू दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या ब्राउझरांतून लोक यायला लागले, आणि माझे हाल सुरू झाले. ज्यांच्याकडे माझा मराठी फॉन्ट नव्हता त्यांना माझ्यात उलटेसुलटे कंस आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसायची. हिंगणघाटहून एकानं वहीत लिहिलं, "साईट मस्त आहे, पण भाषा कोणती आहे?" दुसऱ्यानं लिहिलं, "फोन नंबर नावांच्या अंगावर चढले आहेत."

रीता मॅडम प्रत्येक वेळी मला आपल्या कॉम्प्युटरवर उघडायच्या आणि उत्तर लिहायच्या, "माझ्याकडे तर बरोबर दिसतं." खोटं नव्हत्या बोलत त्या. त्यांच्याकडे बरोबरच दिसायचं! मग एक दिवस त्यांनी माझ्या पायाशी एक ओळ टाकली की हे पान कोणत्या ब्राउझरमध्ये आणि केवढ्या पडद्यावर पाहावं. कितीतरी वर्षं ती ओळ माझ्या पायात बेडीसारखी राहिली. हळूहळू लोक येईनासे झाले. माझ्यावरचा भेटींचा आकडा कधी कधी महिनाभर हलायचा नाही.

आणि मग सन दोन हजार सहामधला तो मंगळवार आला.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. वर्ध्याला मोठ्या दवाखान्याजवळ स्वप्निलभाऊंचं सायबर कॅफे होतं, आणि त्यातच एसटीडी बूथ. तिथं एक माणूस धापा टाकत आला. अमर त्याचं नाव. कारंज्याकडच्या एका खेड्यातला, वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करणारा.

"भाऊ, रक्तवाल्याइचे नंबर कॉम्प्युटरमदी भेटतेत म्हणे. खरं हाये का?"

"भेटतेत ना. बसा. कोणतं पायजे?"

"बी निगेटिव्ह. बायकोले पायजे, गुलाबले. डिलिव्हरी हाये. डाक्टरीनबाई म्हणे अंगात रक्तच नाई. संध्याकाळी ऑपरेशन करा लागते, पण दोन वाजेच्या आत रक्त देनारा आना. तपासाले टाइम लागते म्हणे. फ्रीजमदली पिशवी सकाळीच संपली."

"घरच्यायचं पाह्यलं?"

"समद्याइचं पाह्यलं. माय तं म्हणे माह्यं सारंच घ्या. पन जुळत नाई न भाऊ."

स्वप्निलभाऊंनी शोधलं. माझं नाव इंग्रजी अक्षरांत होतं म्हणून तरी मी सापडलो. त्यांनी मला उघडलं, पण त्यांचा ब्राउझर नवा आणि काटेकोर होता. नियमात असेल तेच वाचायचा, अंदाज करायचा नाही.

"हे काय उर्दू हाये का?" अमरनं विचारलं.

"मराठीच हाये. थांबा, फॉन्ट टाकतो." पाच मिनिटं त्यात गेली. अमर सारखा घड्याळाकडे बघत होता. मग अक्षरं उमटली, आणि स्वप्निलभाऊ पडद्यावर बोट फिरवत खाली आले. "हे पाहा! बी निगेटिव्ह. अडतीस नंबर, लक्ष्मणराव, पुलगाव. पीपी नंबर हाये."

पीपी म्हणजे शेजाऱ्याचा फोन. तेव्हा घरोघरी फोन नव्हता, म्हणून जवळच्या ज्याच्याकडे असेल त्याचा नंबर लोक द्यायचे.

मित्रांनो, मी ओरडत होतो! त्या काटेकोर ब्राउझरच्या नियमात अर्धी ओळ नव्हतीच, त्यानं रीता मॅडमच्या अर्ध्या अर्ध्या रिकाम्या ओळी पूर्ण धरल्या होत्या. प्रत्येक पट्टीला तिच्या अक्षराएवढी उंची दिली होती. नावं आपल्या चालीनं खाली गेली, रक्तगट आपल्या चालीनं. सदतिसाव्या नावाचं रक्त अडतिसाव्या नावासमोर येऊन बसलं होतं. पण पानाला आवाज नसतो. मी स्वच्छ, सुबक अक्षरांत खोटं बोलत होतो.

अमरनं फोन लावला. पलीकडून एका बाईंचा असा दणदणीत आवाज आला की रिसिव्हर कानापासून लांब धरला तरी मला ऐकू यावा. "हालो! कोन पायजे?"

"लक्ष्मणराव हायेत का? वर्ध्याहून बोलतो. अर्जंट काम हाये."

"थांबा, आवाज देते. ओ लक्ष्मणरावऽऽ! ते मशीन ठेवा बाजूले, वर्ध्याहून तुमचा अर्जंट फोन हाये!"

लक्ष्मणराव शिंपी होते. रक्त पाहिजे म्हटल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. शिवत होते तो सदरा तसाच मशीनवर टाकून ते बसनं निघाले.

सव्वाबारा वाजता अमर परत कॅफेत आला. सोबत लक्ष्मणराव होते. दोघांचे चेहरे पाहून मला कळलं.

"यायचं पॉझिटिव्ह निघालं," अमर म्हणाला.

"मले वाटूनच राह्यलं होतं," लक्ष्मणराव म्हणाले. "पॉझिटिव्ह म्हटलं होतं त्या वक्ती. पन म्हटलं, कॉम्प्युटर कायले खोटं बोलन?"

तिकडे दवाखान्यात रक्त पुन्हा तपासतात म्हणून बरं. नाही तर माझ्या हातून काय झालं असतं, त्याचा मला अजून विचार करवत नाही.

स्वप्निलभाऊंनी खाली जाऊन दुसरं बी निगेटिव्ह शोधलं. त्या नावासमोरचा नंबर बंद झालेला. आता पावणेदोन तासांपेक्षा कमी उरले होते. मग त्यांना माझ्या पायाशी रीता मॅडमचा नंबर दिसला. त्यांनी फोन लावून अमरच्या हातात दिला.

रीता मॅडमनी तिकडे मला उघडलं. आता नीट ऐका. त्या घटकेला मी एकाच वेळी दोन ठिकाणी उघडा होतो. पुलगावला सरळ, वर्ध्याला सरकलेला. एकाच फोनची दोन्ही टोकं मला दिसत होती.

"भाऊ, माझ्याकडे तर बरोबर दिसतं," रीता मॅडम म्हणाल्या.

अमर चिडला नाही. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "म्याडम, तुमच्या इथं बरोबर दिसून मी काय करू? पेशंट तं इथं हाये."

रीता मॅडमचा माउसवरचा हात थांबला. पाच वर्षांत वहीत एवढ्या तक्रारी आल्या, पण हे कोणी म्हटलं नव्हतं.

"तुमच्याकडे सदतीस नंबरसमोर काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"ओ पॉझिटिव्ह."

"आणि बी निगेटिव्ह अडतीससमोर?"

"हो. म्हणून तं लक्ष्मणरावले बलावलं."

त्यांनी फोन खांद्यात धरला आणि कपाटातून अण्णाजींचे तीन कागद काढले. आकडे तिन्हींवर होतेच. रक्ताच्या कागदावर सदतीस, बी निगेटिव्ह. नावांच्या कागदावर सदतीस, देवकाबाई.

"भाऊ, देवकाबाईंना फोन लावा. किराणा दुकान आहे त्यांचं. नंबर लिहून घ्या."

अमर लिहू लागला आणि मध्येच थांबला. "म्याडम, हा नंबर तं मी सकाळीच लावला. लक्ष्मणरावचा पीपी."

खरंच मित्रांनो! फोन उचलणाऱ्या बाईच देवकाबाई होत्या. लक्ष्मणरावांना गल्लीपलीकडून हाक मारून ज्यांनी पाठवलं, त्यांच्याच अंगात ते रक्त होतं. स्वप्निलभाऊंनी पुन्हा नंबर फिरवला आणि सगळं सांगितलं.

"अवो, सकाळी फोन मीच उचलला होता ना!" तो दणदणीत आवाज म्हणाला. "मलेच काऊन नाई इचारलं?"

"काकू, कॉम्प्युटरनं तुमचं रक्त लक्ष्मणरावले देऊन टाकलं होतं."

"बाप्पा! मले न इचारता?" आणि मग एकदम मऊ होऊन, "पोरीचं नाव काय म्हटलं? गुलाब? तिले सांगा, देवकाकाकू निघाली. शटर खाली केलं समजा."

रीता मॅडमनी मला बंदसुद्धा केलं नाही. स्कूटीची किल्ली घेतली आणि देवकाबाईंना वर्ध्याला न्यायला पळाल्या. मी तसाच उघडा राहिलो, रिकाम्या क्लासमध्ये. दोन्हीकडच्या घड्याळांकडे बघत बसलो. एक वाजला. दीड वाजला. पावणेदोनला स्वप्निलभाऊ कॅफेच्या दारात जाऊन उभे राहिले. दोनला पाच कमी असताना त्यांनी बाहेरूनच ओरडून सांगितलं, "पोचल्या! सरळ दवाखान्यात गेल्या!"

देवकाबाईंचं रक्त घेऊन होईपर्यंत रीता मॅडम कॅफेत आल्या. केसांत सगळी धूळ. स्वप्निलभाऊंनी खुर्ची सरकवली. पाच वर्षांत पहिल्यांदा रीता मॅडमनी मला दुसऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, ते आडवं नेलं, आणि ते चुकीच्या रक्तावर जाऊन थांबलं. मग त्यांनी अठ्ठ्याहत्तरावर ठेवलं. तिथं तर दोन ओळींचा फरक. शंभराच्या पुढं तीन. मला वाटलं, आता मला पुसून टाकतील. टाकलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

संध्याकाळी गुलाबचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. गुलाब अशक्त होती, पुढं बारा दिवस दवाखान्यात होती, पण दोघी घरी गेल्या.

अण्णाजींना कळलं तेव्हा ते फार हळहळले. म्हणाले, "बाई, ती खालची ओळ आता लाल करजो. मोठ्या अक्षरात. पान फक्त याच ब्राउझरमध्ये पाहावं म्हणून. लुकलुकती कर."

"अण्णाजी," रीता मॅडम म्हणाल्या, "ज्याची बायको टेबलावर आहे, त्याला मी सांगू का, की भाऊ आधी तुझा ब्राउझर बदल?"

दुसऱ्या दिवशी अण्णाजी स्वतः क्लासमध्ये आले, तिन्ही कागद पुढ्यात घेऊन चष्मा लावून बसले, आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले. रीता मॅडम टाईप करू लागल्या. एका माणसाची एक ओळ. प्रत्येक उघडलेली खूण बंद. जगभर चालतील अशी नवी मराठी अक्षरं, ज्यांना वेगळा फॉन्ट टाकावा लागत नाही. मग त्या मला घेऊन वर्ध्याला गेल्या आणि स्वप्निलभाऊंकडचे सगळे ब्राउझर एकेक करून उघडून पाहिले. कुठं माझी रेघ जाड होती, कुठं बारीक. पण प्रत्येकाचं रक्त प्रत्येकासमोर होतं. तेवढं पुरे होतं. या सगळ्याला किती वेळ लागला सांगू? तीन दिवस! जे तीन दिवसांत होण्यासारखं होतं, ते पाच वर्षं राहिलं होतं.

आता मी म्हातारा झालो. नवनवे ब्राउझर येतात, मोबाइलचे एवढेएवढे पडदे येतात, आणि प्रत्येक जण मला थोडं ओढतो, थोडं दाबतो. मी सोसतो. पण माझ्यातले कितीतरी पीपी नंबर बंद पडले आहेत. काही माणसं गाव सोडून गेली, काही जगच सोडून गेली, आणि त्यांची नावं मी अजून सांभाळतो आहे. कोणीतरी यावं आणि मला तपासावं, असं रोज वाटतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी माझ्यासारखी पानं लिहील. सुंदर लिहा, रंगीत लिहा, बैलांना गॉगल घाला, माझी काही हरकत नाही. पण नियम पाळून लिहा. आणि लिहून झालं की उठा, चार घरं सोडून पाचव्या घरी जा, आणि तिथल्या पडद्यावर आपलं पान एकदा बघा. आपल्या घरी तर सगळ्यांचंच बरोबर दिसतं.

माझ्यात शेवटची ओळ जोडली गेली त्यालाही आता दोन वर्षं झाली. एक पोस्टकार्ड आलं होतं, आणि रीता मॅडमनी ते मोठ्यानं वाचत टाईप केलं. क्रमांक एकशे तेरा. गुलाब. बी निगेटिव्ह. फोन, रोपवाटिकेच्या ऑफिसचा, पीपी. उद्या कोणी घाबराघुबरा माणूस कुठल्यातरी ब्राउझरमध्ये मला उघडेल आणि बोट फिरवत तिच्यापर्यंत येईल. माझी मान कितीही दुखली, तरी ती ओळ मी वाकडी होऊ देणार नाही. तुम्ही फक्त तो नंबर चालू आहे की नाही, एवढं बघत राहा.